सकाळी उचलतच नाही : जुन्या डिझेल पिकअपचा पंप उतरवण्याआधी काय काय तपासावं?

बागाईतदार_निफाड
नमस्कार मंडळी. गाडी 2008 ची डिझेल पिकअप. टर्बो आहे, डिझेलचा पंप जुन्या पद्धतीचा रोटरी, नवी कॉमन रेल नाही. थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग चार. हंगामात द्राक्षाचे क्रेट, एरवी टोमॅटो पिंपळगावला आणि कांदा लासलगावला.

थंडी पडल्यापासून पहाटे त्रास देतेय. सेल्फ चांगला फिरतो, पण इंजिन उचलत नाही. बराच वेळ सेल्फ मारल्यावर एखादा सिलिंडर पेटतो, गाडी थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मग हळूहळू बाकीचे सिलिंडर धरतात. एकदा चालू झाली की दिवसभर चावी फिरवायचा अवकाश, लगेच चालू. ओढ तशीच आहे, अ‍ॅव्हरेज तेवढंच आहे, भरलेल्या गाडीनं चढ घेताना कुठं मार खात नाही.

मिस्त्री म्हणतात पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) दोन्ही करून टाका. 28 हजार सांगितलेत. दिवसभर व्यवस्थित चालणाऱ्या पंपावर फक्त सकाळच्या त्रासासाठी बोट ठेवणं मला पटत नाही. पंप उतरवण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? क्रमानं सांगितलंत तर फार बरं होईल. माल भरून गाडी दारात उभी आणि चालूच होत नाही, हे आता सोसवत नाही.

घाटमाथा
बॅटरी. 90 टक्के वेळा बॅटरीच असते. नवी टाका, विषय संपला.

बागाईतदार_निफाड
@घाटमाथा, बॅटरी गेल्या वर्षीच बदलली आहे. सेल्फचा आवाज दमदार येतो.

जुनंलोखंड
आवाजावर जाऊ नका, मीटर लावा. स्वस्तातला साधा मल्टिमीटर प्रत्येक पिकअपच्या डॅशमध्ये असावा असं माझं ठाम मत आहे.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला 12.6 च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. 12.2 च्या खाली असेल तर ती अर्धीच भरलेली आहे. मग कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी मीटर बघा. 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी तरी थकलीय नाहीतर सेल्फ जास्त करंट खातोय.

आता अर्थिंग. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (केबलच्या लगवर नाही, शिशाच्या पोलवर) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची केबल नाहीतर तिचा नट गंजलाय. लोक नव्या बॅटऱ्या घेत बसतात आणि चॅसीवरचा तो एक नट तसाच राहतो.

डिझेल इंजिनला स्पार्क नसतो. हवा जोरात दाबली गेली तरच ती तापते आणि डिझेल पेटतं. इंजिन सावकाश फिरलं तर तेवढ्या वेळात दाब पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं निसटतो आणि उष्णता थंड लोखंड खाऊन टाकतं. म्हणून सेल्फ ‘फिरतो’ एवढं पुरत नाही, वेगात फिरायला हवा.

रानवाटा
दादा, मी भाजीची पिकअप स्वतः चालवते, जुन्नर भागात. एक विचारते. सेल्फ मारत असताना सायलेन्सरमधून धूर येतो का? कोणता? आणि अगदी पहिल्या क्षणापासून येतो की काही वेळानं? हे कोणी विचारलंच नाही अजून.

बागाईतदार_निफाड
@रानवाटा ताई, नीट बघून सांगतो. उद्या पहाटे धाकट्या भावाला मागं उभा करतो.

वऱ्हाडी_भाऊ
भाऊ, आमच्याकडे पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरच्या तोंडाशी धरतात. एका झटक्यात चालू होते गाडी.

नोझल_टेस्टर
@वऱ्हाडी_भाऊ, हात जोडून सांगतो, हे करू नका आणि कोणाला सांगूही नका. माझं डिझेल पंपाचं वर्कशॉप आहे, सांगलीकडे. हीटर प्लग लाल झालेले असताना पेट्रोलची वाफ किंवा स्टार्टिंग स्प्रे आत गेला तर तो पिस्टन वर पोचण्याआधीच पेटतो. पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याला खाली ढकलतोय. रिंगा तुटतात, पिस्टनच्या रिंगांमधली भिंत फुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. असे पिस्टन मी हातात घेऊन बघितले आहेत. एअर फिल्टरचा कागद पेटून बॉनेटखाली आग लागण्याची भीती वेगळीच.

शिवाय त्यानं गाडी चालू झाली तरी दोष कुठं आहे ते कळत नाही.

वऱ्हाडी_भाऊ
बरोबर आहे जी. आता कोणाला नाही सांगणार.

घाटमाथा
मग कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं असणार. 2008 ची गाडी, भाड्याची राबलेली. रिंगा घासल्या की सकाळी असंच होतं. इंजिन खोलावंच लागेल.

जुनंलोखंड
@घाटमाथा, बॅटरीवरून एकदम इंजिन खोलण्यावर? मधे बराच मुलूख आहे.

कंप्रेशन गेलेल्या इंजिनची बाकीची लक्षणंही दिसतात. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. धापा टाकल्यासारखा धूर भसाभसा वर आला, झाकण उडायला लागलं, तर ब्लो-बाय आहे, म्हणजे दाब रिंगांच्या कडेनं खाली निसटतोय. ऑइल पितेय का? चढावर ओढ कमी झाली का? त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय की ओढ तशीच आहे. शंका असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) सेटिंग तपासून घ्या. टॅपेट टाइट असले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि तेवढ्यानंही थंड इंजिनचं कंप्रेशन कमी पडतं.

मिशिगनकर
मी इथे 90 च्या दशकातली पेट्रोल पिकअप चालवतो. उणे 20 अंशांच्या थंडीत इंजिनला ब्लॉक हीटर लावून प्लग रात्रभर भिंतीतल्या सॉकेटला जोडून ठेवतात. पार्किंगमध्ये गाड्यांच्या जाळीतून वायरी लोंबत असतात.

माझ्या गाडीला सकाळी असाच त्रास होता. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत चावी ऑन केली की टाकीतला पंप दोनेक सेकंद चालून थांबतो आणि लाइनमध्ये दाब तयार करतो. माझ्या पंपाचा चेक व्हॉल्व्ह गळत होता, रात्रभरात दाब उतरायचा. चावी ऑन-ऑफ, ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला की लगेच चालू. त्यावरूनच दोष सापडला. तुमची डिझेल आहे, पण रात्रभरात इंधन मागं जातंय का हा प्रश्न दोघांनाही लागू आहे असं वाटतं.

घाटमाथा
निफाडला पारा किती खाली जातो माहितीय ना? डिझेल गोठत असेल.

नोझल_टेस्टर
निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली आहे, कबूल. पण डिझेलमधलं मेण जमून फिल्टर बंद पडण्याचा खरा त्रास लडाखसारख्या ठिकाणी होतो. त्यासाठीच इंडियन ऑइलनं 2019 मध्ये तिकडे उणे 33 अंशांतही पातळ राहणारं डिझेल आणलं. इथे तसं असतं तर चालू झाल्यावरही गाडी गचके खात बंद पडली असती. ती तर नंतर दिवसभर नीट चालतेय.

लाल_माती
आमच्याकडे कोकणात थंडी नाही, तरी माझ्या जुन्या पिकअपला हाच त्रास होता. गंमत बघा, घराच्या उतारावर तोंड खाली करून लावली की सकाळी लगेच चालू. बाजारात सपाटीवर रात्रभर ठेवली की रडायची. वर्षभर आम्ही म्हणत होतो, बाजारातली जागा हिला मानवत नाही. वडील नारळ ओवाळायला निघाले होते.

बागाईतदार_निफाड
भावाला मागं उभा करून बघितलं. सेल्फ मारायला लागल्यावर बराच वेळ काहीच धूर नाही. सायलेन्सर कोरडाच. मग एकदम पांढरा धूर यायला लागतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात गाडी चालू होते.

मीटरही लावला. रात्रभर उभ्या गाडीला 12.5, सेल्फ मारताना 10.4. अर्थिंगवर 0.2. ब्लो-बाय नाही, झाकण जागच्या जागी. आणि एक, टाकी फुल असली की त्रास थोडा कमी वाटतो. आधी मनाचे खेळ वाटायचे म्हणून लिहिलं नव्हतं.

नोझल_टेस्टर
वा! रानवाटा ताईंच्या प्रश्नानं निम्मं काम केलं. आता सविस्तर लिहितो.

सेल्फ फिरतोय आणि पांढरा धूर येतोय, याचा अर्थ डिझेल सिलिंडरमध्ये पडतंय पण पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. हीटर प्लग, कंप्रेशन, डिझेल सोडण्याचं टायमिंग, नोझलचा फवारा, सेल्फचा वेग, हे सगळे संशयित या गटात येतात. आणि सेल्फ फिरतोय पण धूरच नाही, याचा अर्थ डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही. मग हीटर प्लग कितीही बदला, उपयोग नाही. पेटायला काही आलंच नाहीये आत.

तुमच्याकडे आधी धूर नाही, नंतर पांढरा. म्हणजे सुरुवातीला पंप हवा गिळतोय. ती हवा बाहेर पडून डिझेल येईपर्यंत सेल्फ मारावा लागतो. टाकी भरली की त्रास कमी, हेही त्याच दिशेला बोट दाखवतं. लाल_माती यांचा उतारही तेच सांगतो. तोंड खाली असलं की टाकी पंपापेक्षा वर येते, डिझेल मागं उतरू शकत नाही. ज्यांना उतारावर गाडी लावायची सवय आहे त्यांच्या गाडीत हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो.

आता हवा कुठून घेते? टाकीपासून रोटरी पंपापर्यंतची अख्खी लाइन ओढीवर चालते. पंप डिझेल ओढत असतो. त्यामुळे या बाजूला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब नाही, पाइपावर ओल नाही, आणि म्हणून मिस्त्रीला वाटतं लाइन ठीक आहे, पंपच गेला. गाडी चालू असताना पंप एवढ्या वेगानं ओढतो की थोडी हवा तो पचवून टाकतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल सावकाश टाकीत उतरतं. चहाच्या टपरीवर थांबलात तेवढ्या वेळात ते उतरत नाही, म्हणून दिवसभर त्रास नाही. थंडीत जुना रबरी पाइप ताठर होतो, क्लिपखालची पकड सुटते, म्हणून त्रास हिवाळ्यात सुरू झाला.

आता तपासणी. एक पैसाही न घालता. उद्या पहाटे सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडा आणि फिल्टरवरचा हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबा, हाताला टणक लागेपर्यंत. मग हीटरचा दिवा जाऊ द्या आणि सेल्फ मारा. लगेच उचलली तर पंप, नोझल, रिंगा सगळे निर्दोष.

रानवाटा
एक जोडते. सेल्फ सलग 10-15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मधे अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर मूळ दोष राहतो बाजूला आणि सेल्फचे कार्बन, आर्मेचर जळतात.

वऱ्हाडी_भाऊ
@नोझल_टेस्टर दादा, धागा दुसऱ्याचा आहे पण विचारतो. माह्या गाडीचं उलटं आहे. सकाळी मस्त चालू होते, पण लांबून आली, गरम असली अन् बंद केली की मग घंटाभर चालू होत नाही. पंप तोच, रोटरी. एअर नाही, लाइन बघून झाली.

नोझल_टेस्टर
@वऱ्हाडी_भाऊ, तुमच्या बाबतीत मात्र माझा संशय पंपावरच आहे. रोटरी पंपाच्या आत हेड आणि प्लंजर अत्यंत बारीक फटीवर बसवलेले असतात. ते घासले की गरम, पातळ झालेलं डिझेल त्या फटीतून आतल्या आत निसटतं आणि सेल्फच्या कमी वेगात नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. थंड डिझेल जाडसर असतं, म्हणून सकाळी काम भागतं.

खात्री करायची तर गाडी गरम होऊन अडून बसली की ओलं फडकं पिळून पंपाच्या डोक्यावर ठेवा आणि पंप निवू द्या. त्यानंतर पटकन चालू झाली तर हेड घासलंय. थेट बादलीनं पाणी ओतू नका, गरम लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर आतले भाग अडकू शकतात. पण आधी एक बघा : पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला (चावी बंद केली की डिझेल तोडणारा विजेचा खटका) गरम असताना 12 व्होल्ट येतात का? चावी ऑन केली की ‘टक्’ आवाज यायला हवा. तो गरम झाल्यावर दगा देत असेल तर स्वस्तात सुटाल.

घाटमाथा
@नोझल_टेस्टर, पंप उघडणं हाच तुमचा धंदा आणि तुम्हीच पंप उघडू नका सांगताय, याबद्दल मानलं.

नोझल_टेस्टर
विनाकारण उतरवलेला पंप परत बसवताना टायमिंग जरा हललं की गिऱ्हाईक पुन्हा दारात येतं, आणि ते योग्यच आहे. ज्याचा दोष नाही तो पंप टेबलावर घेण्यात मला समाधान वाटत नाही.

बागाईतदार_निफाड
प्रायमरची तपासणी केली. पहाटे प्रायमर अगदी मऊ होता, दाबला तर खाली जाऊन तसाच राहत होता. दाबत राहिलो, मग टणक लागला. सेल्फ मारला आणि गाडी उचलली! थोडी थरथरली, थोडा पांढरा धूरही आला, पण उचलली. आई बाहेर येऊन विचारते, आज एवढ्यात चालू झाली?

आता हवा नेमकी कुठून घेते ते शोधायचं कसं?

जुनंलोखंड
पंपाच्या तोंडाशी येणारा पाइप काढून तिथे वीतभर पारदर्शक पाइप लावा, दोन्हीकडे क्लिप घट्ट. गाडी चालू करून बघा. बुडबुडे दिसले तर दोष त्याच्या मागं. मग तोच तुकडा फिल्टरच्या आधी लावा. तिथेही बुडबुडे असतील तर टाकीकडची बाजू, नसतील तर फिल्टर, प्रायमर किंवा त्यांचे जोड. असं मागं मागं सरकायचं. हा पाइप तपासणीपुरताच ठेवा, डिझेलनं तो ताठर होतो आणि चिरतो.

नेहमीची ठिकाणं : प्रायमरच्या आतलं रबर, फिल्टरचा ओ-रिंग, बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर. एकदा दाबलेला तांब्याचा वायसर परत वापरायचा नाही. आणि नोझलवरून परत जाणारे बारीक रिटर्न पाइप. ते रबरी असतात, वरून विणलेल्या सुती कापडाचं आवरण, त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

लाल_माती
आमच्या गाडीचा दोष टाकीवरच्या जोडात निघाला होता. टाकी उतरवावी लागली. वडिलांनी नारळ मग टाकी बसवल्यावर फोडला.

बागाईतदार_निफाड
सापडलं!

पंपाच्या तोंडाशी बारीक बुडबुड्यांची सरी दिसली. फिल्टरच्या आधीही तीच. मग मागं गेलो. चॅसीच्या कडेनं लोखंडी नळी येते आणि इंजिनकडे वळताना तिला रबरी पाइप जोडलाय. तिथली क्लिप जुन्या तारेची, पाइपात रुतून बसलेली. क्लिप काढून पाइप वाकवला तर तिच्याखाली नखाएवढी चीर, बाहेरून अजिबात न दिसणारी. बोटानं दाबलं की मिटायची, सोडलं की उघडायची. वरून चिखल आणि धूळ बसलेली, पण डिझेलची ओल नावालाही नाही. नोझल_टेस्टर यांनी लिहिलं होतं अगदी तसं.

टाकीपासून फिल्टरपर्यंतचे रबरी पाइप सगळेच बदलले, क्लिप स्क्रूच्या लावल्या, तांब्याचे वायसर नवे. पहाटे प्रायमर टणक, गाडी लगेच चालू.

पण सुरुवातीची थोडी थरथर आणि पांढरा धूर अजून आहे. हा वेगळा दोष धरायचा का?

नोझल_टेस्टर
वेगळाच. आता डिझेल पोचतंय आणि एखाददुसरा सिलिंडर उशिरा पेटतोय. आता हीटर प्लग तपासा. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या डोक्यावर, एक इंजिनला. चांगला प्लग साधारण एक ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर तो आतून तुटलाय. चारही चांगले निघाले तर पट्टीवर करंट येतो का, म्हणजे रिले बघा.

काढताना इंजिन कोमट असू द्या आणि घाई करू नका. जुना प्लग हेडमध्ये तुटला तर काम वाढतं. आदल्या रात्री गंजतेल सोडून ठेवा.

बागाईतदार_निफाड
तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मेलेला निघाला, बाकी तीन ठीक. चारही नवे टाकतोय, किंमत फार नाही. मिस्त्रींनाही तो चिरलेला पाइप नेऊन दाखवला. त्यांनी तो दुकानात खिळ्याला लटकवून ठेवलाय, पोरांना शिकवायला.

वऱ्हाडी_भाऊ
माह्या सोलेनॉइडला गरम असतानाही पूर्ण 12 येतात, टक् आवाजही येतो. ओलं फडकं ठेवलं अन् थोड्या वेळात गाडी चालू झाली. म्हणजे हेड गेलं ना दादा?

नोझल_टेस्टर
हो भाऊ, तुमचा पंप उतरवावाच लागेल. जवळच्या ज्या लॅबमध्ये पंप टेस्ट बेंचवर लावतात तिथेच द्या, आणि आधीचं आणि नंतरचं डिलिव्हरीचं माप (पंप किती डिझेल देतो ते) लिहून मागा. नोझल मात्र पॉप टेस्ट (किती दाबाला उघडतं आणि कसं फवारतं ते बघणं) केल्याशिवाय बदलू देऊ नका. दाब आणि फवारा ठीक असेल तर तेच परत बसवा.